१९७३ : भाव कोणी ठरविला, किंमत कोणी मोजली?

जगाच्या अर्थकारणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी १९७३ ह्या सालाला एक ठराविक नाव देऊन टाकले आहे : तेलसंकटाचे वर्ष. हे नाव श्रीमंत देशांच्या आठवणीतून आलेले आहे. हॉलंडमध्ये रविवारी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी झाली, अमेरिकेत पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या, आणि वर्ष सरता सरता ब्रिटनच्या सरकारने कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळेल असे जाहीर केले. ह्या गोष्टी त्या देशांतील लोकांच्या लक्षात राहाव्यात हे स्वाभाविकच होय. परंतु त्याच वर्षी चिलीमध्ये लोकांनी निवडून दिलेले समाजवादी सरकार लष्कराने उलथून टाकले. इथिओपियाच्या वोलो प्रांतात माणसे हजारोंनी उपासमारीने मेली. आणि महाराष्ट्रात लक्षावधी शेतकरी व शेतमजूर दुष्काळी कामांवर खडी फोडीत आणि माती वाहत होते. ह्या घटना इतिहासाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत वाचावयास मिळतात. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे एकच प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो : वस्तूचा भाव ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, आणि त्या भावाची किंमत अखेर कोणाला मोजावी लागते?

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. बाजार मोकळा सोडावा, राज्यसंस्थेने अर्थव्यवहारातून अंग काढून घ्यावे आणि गरिबांच्या मागण्या पुरविणे म्हणजे महागाईला निमंत्रण देणे होय, हे मत पुढील अर्धशतकात अर्थशास्त्राचा सिद्धान्त म्हणून जगभर मिरविले गेले. त्या मताचा पुरावा म्हणून १९७३ कडेच बोट दाखविले जाते. म्हणून त्या वर्षाची साक्ष नीट तपासून घेणे अगत्याचे ठरते.

वर्षाचा आरंभ आशेचा होता. २७ जानेवारीला पॅरिसमध्ये व्हिएतनामविषयक करारावर सह्या झाल्या आणि मार्चअखेर अमेरिकेच्या अखेरच्या लढाऊ तुकड्या तेथून परतल्या. एका गरीब शेतकरी राष्ट्राने जगातील सर्वांत बलाढ्य सत्तेला माघार घ्यावयास लावली होती. करार झाला तरी युद्ध थांबले नाही. सायगाव पडण्यास एप्रिल १९७५ उजाडावे लागले. त्या वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक हेन्री किसिंजर आणि ले डुक थो ह्या दोघांना विभागून जाहीर झाले, तेव्हा आपल्या देशात अद्याप शांतता नांदत नाही असे कारण देऊन ले डुक थो यांनी ते नाकारले. किसिंजर यांनी ते स्वीकारले.

त्या युद्धाचा खर्च कोणी सोसला हेही पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रेटन वुड्‌स येथे जी चलनव्यवस्था उभारण्यात आली, तिच्यात एक औंस सोन्याला ३५ डॉलर असा भाव बांधलेला होता आणि इतर देशांची चलने डॉलरशी जखडलेली होती. अमेरिकेने युद्धासाठी आणि परदेशांतील गुंतवणुकीसाठी डॉलर ओतले, आणि इतर देशांच्या मध्यवर्ती बँका ते कागद साठवीत गेल्या. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देण्याचे बंद केले. फेब्रुवारी १९७३ मध्ये डॉलरचे दुसऱ्यांदा अवमूल्यन झाले आणि मार्चमध्ये प्रमुख चलने खुल्या बाजारात तरंगू लागली. ज्या देशांची निर्यात म्हणजे तांबे, ताग, कॉफी किंवा खनिज तेल, आणि ज्यांना मोबदला मिळतो तो डॉलरमध्ये, त्यांचे उत्पन्न एका सहीनिशी घटले. ह्या निर्णयात त्यांचे मत कोणी विचारलेले नव्हते. तेलसंकटाची कथा ऑक्टोबरपासून सांगितली जाते. तिचे पहिले प्रकरण येथे आहे.

धान्याच्या बाबतीतही तेच घडले. १९७२ मध्ये सोव्हिएत रशियाचे पीक बुडाले आणि त्या देशाने अमेरिकेकडून प्रचंड प्रमाणावर गहू उचलला. जगाचा साठा आटला, भाव चढू लागले आणि तेलाचा भाव वाढण्याच्या आधीच गव्हाची महागाई येऊन ठेपली. अमेरिकेने जून १९७३ मध्ये आपल्या देशातील भाव आवरण्यासाठी सोयाबीनच्या निर्यातीवरच बंदी घातली. श्रीमंत राष्ट्राने निर्यात रोखली तर ते स्वदेशाचे हित, आणि तेल उत्पादक राष्ट्राने रोखली तर ती खंडणी, असा न्याय पुढे चार महिन्यांतच ऐकावयास मिळाला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अल्जियर्स येथे अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद भरली. राजकीय स्वातंत्र्य मिळाले तरी आपल्या मालाचा भाव लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो, आपल्या भूमीतील खनिजे परक्या कंपन्या नेतात, तेव्हा नवी आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्था उभारली पाहिजे, ही मागणी तेथे आकाराला आली. पुढे १ मे १९७४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्या अर्थाचा जाहीरनामा संमत केला. अल्जियर्सची परिषद ९ सप्टेंबरला संपली. ११ सप्टेंबरला चिलीच्या हवाई दलाच्या हॉकर हंटर विमानांनी आपल्याच राष्ट्राध्यक्षाच्या प्रासादावर हल्ला चढविला.

साल्वादोर आयेंदे हे १९७० मध्ये सुमारे ३६ टक्के मते मिळवून तिरंगी लढतीत पहिले आले होते आणि चिलीच्या संसदेने घटनेप्रमाणे त्यांची निवड कायम केली होती. त्यांनी वर्तमानपत्रे बंद केली नाहीत, विरोधी पक्ष मोडले नाहीत, निवडणुका टाळल्या नाहीत. तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण जुलै १९७१ मध्ये झाले ते संसदेच्या एकमुखी ठरावाने; उजव्या पक्षांनाही त्या प्रश्नावर विरोधात मत देणे जड गेले. प्रत्येक मुलास रोज अर्धा लिटर दूध मिळावे हा त्यांच्या कार्यक्रमातील एक साधा कलम होता. मतपेटीच्या मार्गाने समाजवादाकडे जाता येते काय, ह्या जुन्या वादाला चिलीमध्ये प्रयोगशाळा लाभली होती, आणि म्हणूनच जगभरच्या लोकशाही समाजवाद्यांचे डोळे त्या चिंचोळ्या देशाकडे लागलेले होते.

त्या प्रयोगाचा गळा बाहेरून आवळला गेला हे आता वादातीत आहे. अमेरिकी सिनेटच्या चौकशी समितीने १९७५ मध्येच गुप्तचर खात्याने चिलीत ओतलेल्या पैशाची हकिगत प्रसिद्ध केली. आंतरराष्ट्रीय संस्थांकडून मिळणारी कर्जे आटली, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये मालमोटारींच्या मालकांनी संप करून लांबोळक्या देशाची वाहतूकच रोखून धरली. तरीही मार्च १९७३ च्या संसदीय निवडणुकीत आयेंदे यांच्या आघाडीला ४३ टक्क्यांहून अधिक मते पडली. सरकारला मतदानाने खाली खेचता येणार नाही हे त्या निकालाने स्पष्ट केले, आणि बंदुकीचा विचार बळावला. त्या दिवशी आयेंदे प्रासादातच मरण पावले. पुढील सतरा वर्षांच्या लष्करी राजवटीत तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी करण्यात आली, आणि कित्येक पटींनी अधिक लोकांचा छळ झाला.

परंतु सारा दोष बाहेरच्यांवर टाकून समाजवाद्यांनी स्वतःची सुटका करून घेऊ नये. १९७१ मध्ये चिलीत मजुरी वाढली, उत्पादन वाढले, बेकारी घटली. हे वाढीव वेतन ज्या वस्तूंवर खर्च व्हावयाचे, त्या वस्तूंचे उत्पादन मात्र पुढे त्या प्रमाणात वाढू शकले नाही. तांब्याचे भाव १९७१ मध्ये घसरले, परकीय चलनाची गंगाजळी संपत आली, आणि अंदाजपत्रकातील तूट भरून काढण्यासाठी नोटा छापण्यात आल्या. १९७३ मध्ये ही तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या वीस टक्क्यांच्या वर गेली आणि महागाईचा वार्षिक वेग पाचशे टक्क्यांच्या आसपास पोहोचला. भावनियंत्रणाचा हुकूम दुकानातील फळी भरू शकत नाही; तो माल मागच्या दाराने काळ्या बाजारात जातो. गरिबाच्या हातात दिलेली वाढीव मजुरी महागाई त्याच हातातून काढून घेते, आणि वर मध्यमवर्गाला लष्कराच्या स्वागतास सज्ज करते. जमाखर्चाची शिस्त ही सावकारांची आवड आहे असे समजणाऱ्या प्रत्येक डाव्या विचाराच्या माणसाने चिलीचे हे आकडे पाठ करून ठेवावेत.

सांतियागोच्या रस्त्यांवर १९७१ च्या डिसेंबरपासून स्त्रिया रिकामी भांडी बडवीत मोर्चे काढीत होत्या. त्यांत सुखवस्तू घरांतील स्त्रियांचा भरणा होता आणि त्यांचा रोख समाजवादी सरकारवर होता. जवळजवळ त्याच काळात मुंबईच्या रस्त्यांवर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया थाळी आणि लाटणे घेऊन उतरल्या, त्या काँग्रेस सरकारला जाब विचारण्यासाठी. समाजवादी आणि कम्युनिस्ट स्त्रिया त्या महागाईविरोधी आघाडीत एकत्र होत्या. रिकाम्या भांड्याला पक्ष नसतो. ते वाजू लागले म्हणजे कोणत्याही रंगाच्या सरकारने ऐकले पाहिजे, आणि ते ऐकून घेण्याची व्यवस्था ज्या देशात शाबूत असते तेथे सरकार बदलण्यास रणगाडे लागत नाहीत. मुंबईतील त्या मोर्चांतून पुढे संसदेत आणि विधिमंडळात जाणाऱ्या स्त्रिया निघाल्या. सांतियागोत मात्र त्या आवाजाचा लाभ ज्यांनी उठविला त्यांनी संसदच बंद केली.

सत्ता हाती येताच पिनोचेत यांच्या राजवटीने बहुतेक वस्तूंवरील भावनियंत्रण उठविले, कामगार संघटना चिरडल्या आणि शिकागो विद्यापीठात शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांच्या हाती कारभार सोपविला. बाजाराच्या स्वातंत्र्याचा हा प्रयोग माणसांचे स्वातंत्र्य संपवून झाला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत तळटीप म्हणूनही क्वचितच येते. १९७५ मध्ये उत्पादन बारा टक्क्यांहून अधिक घसरले. १९८२ मध्ये पुन्हा तसाच कडेलोट झाला, आणि खाजगीकरणाचे गोडवे गाणाऱ्या सरकारला पुढच्याच वर्षी बुडालेल्या खाजगी बँका ताब्यात घ्याव्या लागल्या. आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. १९८१ मध्ये निवृत्तिवेतनाचे खाजगीकरण झाले तेव्हा सैन्याला त्यातून वगळण्यात आले. आणि आयेंदे यांनी राष्ट्रीयीकृत केलेल्या तांब्याच्या मोठ्या खाणी पिनोचेत यांनी मूळ मालकांना परत केल्या नाहीत, कारण तांब्याच्या विक्रीतील ठराविक हिस्सा कायद्याने सैन्याला मिळत होता. बाजाराचा धर्म इतरांनी पाळावयाचा होता. १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये सार्वमत घ्यावे लागले तेव्हा चिलीच्या जनतेने सुमारे ५५ टक्के मतांनी त्या राजवटीला नकार दिला.

आता तेलाकडे वळावयास हरकत नाही. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त आणि सीरिया यांनी इस्रायलवर चढाई केली. १६ ऑक्टोबरला आखाती देशांनी तेलाचा घोषित भाव पिंपास ३.०१ डॉलरवरून ५.१२ डॉलरवर नेला. दुसऱ्या दिवशी अरब देशांनी उत्पादनात दरमहा कपात करण्याचे ठरविले. आणि डिसेंबरात तेहरानच्या बैठकीत १ जानेवारी १९७४ पासून ११.६५ डॉलर हा भाव ठरला. अडीच महिन्यांत जवळजवळ चौपट. परंतु ह्याच्या आधी अर्धशतकाहून अधिक काळ हा भाव मूठभर पाश्चात्त्य कंपन्या ठरवीत होत्या. १९६० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी उत्पादक देशांना न विचारता भाव उतरविला आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात बगदादला तेल उत्पादक देशांची संघटना जन्मास आली. इराणमध्ये मोसादेघ यांनी तेलाचे राष्ट्रीयीकरण केले तेव्हा १९५३ मध्ये त्यांचे सरकार कसे पाडले गेले हे सर्वश्रुतच आहे. स्वस्त तेल ही निसर्गाची देणगी नव्हती. तो सत्तेने बांधलेला भाव होता. त्यामुळे ऑक्टोबरात दुसरी सत्ता पुढे आली आणि भाव बदलला, एवढाच त्याचा अर्थ.

गरीब देशांतील अनेक विचारवंतांना तेव्हा आनंदाचे भरते आले. कच्चा माल विकणाऱ्यांनी एकजूट केली तर काय घडू शकते ह्याचे प्रात्यक्षिक त्यांना त्यात दिसले. ती आशा निराधार नव्हती, पण अपुरी होती. तेल विकत घेणाऱ्यांत अमेरिका आणि जपान होते तसे भारत, बांगलादेश, टांझानिया आणि श्रीलंका हेही होते. श्रीमंत देश आपल्या यंत्रांचा आणि शस्त्रांचा भाव वाढवून तेलाचे पैसे वसूल करू शकत होते. चहा आणि ताग विकणाऱ्यांना ती सोय नव्हती. तेलाच्या राजांनी आपली नवी संपत्ती शस्त्रास्त्रांवर उधळली आणि उरलेली लंडन व न्यूयॉर्कच्या बँकांत ठेवली. त्या बँकांनी तोच पैसा लॅटिन अमेरिकेतील आणि इतर विकसनशील देशांना कर्जाऊ दिला. १९७९ नंतर अमेरिकेने व्याजाचे दर कडाडून वाढविले तेव्हा ऋणकोंचे कंबरडे मोडले, आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले. त्यानंतर नाणेनिधीच्या अटींचे युग सुरू झाले. तात्पर्य, १९७३ मध्ये सत्तेचे केंद्र अल्जियर्सकडे सरकते आहे असे वाटले होते. दहा वर्षांनी ते पूर्वीपेक्षा घट्टपणे वॉशिंग्टनमध्ये बसलेले आढळले. सामान्य जनतेच्या ताब्यात नसलेली संपत्ती राष्ट्राच्या नावावर झाली तरी ती जनतेची होत नाही, हा त्यातील धडा होय.

भारतात ह्या लाटेचा तडाखा दुष्काळाच्या पाठीवर बसला. तेलाच्या आयातीचा खर्च दोन वर्षांत काही पटींनी वाढला, खताचे आंतरराष्ट्रीय भाव भडकले, आणि हरितक्रांतीसाठी रासायनिक खतांवर विसंबलेल्या शेतीचा खर्च त्यामुळे वाढला. घाऊक किंमतींची वाढ वर्षाला वीस टक्क्यांच्या वर गेली. गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेण्याचा सरकारी प्रयोग एप्रिल १९७३ मध्ये पुरेशा तयारीविना सुरू झाला आणि वर्षभरातच गुंडाळावा लागला. पेट्रोलच्या भाववाढीचा निषेध म्हणून नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. १९७४ मध्ये गुजरातचे नवनिर्माण आंदोलन, बिहारची चळवळ आणि रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप हे सर्व त्याच असंतोषाचे उद्रेक होत, आणि त्यांना मिळालेले अंतिम उत्तर जून १९७५ ची आणीबाणी हे होते. मुंबईच्या समुद्रात फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल सापडले, कोकणातील आणि केरळातील तरुण आखाताकडे नोकरीसाठी जाऊ लागले, ही त्या संकटाची दुसरी बाजू. रत्नागिरीच्या कित्येक गावांतील घरांच्या भिंती त्या पैशाने उभ्या राहिल्या आहेत.

परंतु त्या वर्षीची सर्वांत बोलकी तुलना ही तेलाची नसून भाकरीची आहे. इथिओपियाच्या उत्तर भागातील वोलो प्रांतात १९७२ व १९७३ मध्ये पाऊस दगावला. मृतांचे अंदाज चाळीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत आहेत. अमर्त्य सेन यांनी पुढे १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, एकूण देशाचा विचार करता त्या वर्षी अन्नधान्याचे उत्पादन फारसे घटलेले नव्हते. वोलोतील भाव देखील विलक्षण चढलेले नव्हते, कारण भाव चढण्यासाठी गिऱ्हाइकाच्या हातात पैसा असावा लागतो, आणि पीक बुडालेल्या कुळांच्या व गुरे मेलेल्या धनगरांच्या हाती तो नव्हता. त्या प्रांतातून राजधानीकडे थोडेफार धान्य बाहेरही जात होते. अदिस अबाबाहून उत्तरेकडे जाणारा महामार्ग वोलोतून जातो. त्याच्या कडेला भुकेली माणसे वाहने अडवून अन्न मागत होती. सम्राट हैले सेलासी यांच्या सरकारने ही वार्ता दडवून ठेवली. ऑक्टोबर १९७३ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर त्या दुष्काळाची चित्रे झळकली तेव्हा कोठे जगाला तो कळला. वर्षभराच्या आत सम्राट पदच्युत झाले. त्यांच्या जागी आलेल्या लष्करशहांनी स्वतःला समाजवादी म्हणवून घेतले, आणि त्यांच्याच अमदानीत १९८३ ते १९८५ च्या दरम्यान त्याहूनही भयंकर दुष्काळ पडला. पाटी बदलल्याने पोट भरत नाही.

महाराष्ट्रात १९७२-७३ हे ओळीने तिसरे अवर्षणाचे वर्ष होते. मराठवाडा, सोलापूर, अहमदनगर, पुणे, सांगली यांच्या कोरडवाहू पट्ट्यात ज्वारी-बाजरीचे पीक गेले. राज्याचे धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्याच्याही खाली घसरले. धान्याच्या दरडोई उपलब्धतेचे आकडे पाहिले तर येथील स्थिती आफ्रिकेतील काही दुष्काळग्रस्त देशांपेक्षा वाईट होती, असे जाँ द्रेझ यांच्या अभ्यासात दिसते. तरीही येथे वोलो झाले नाही. मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडीचे ढीग ह्यांतून रोज मजुरी हातात पडत होती, आणि मजुरी हातात असल्यामुळे धान्य बाजारात खेचले जात होते. अन्न आणून ओतण्यापेक्षा ते विकत घेण्याची शक्ती देणे हा दुष्काळावरील अधिक खात्रीचा उपाय आहे, हा सिद्धान्त पुस्तकात येण्यापूर्वी मराठवाड्याच्या उघड्या माळावर सिद्ध झाला.

त्याचे गुणगान करताना त्याची दुसरी बाजू विसरू नये. उन्हातान्हात खडी फोडणाऱ्या स्त्रियांची संख्या पुरुषांइतकीच मोठी होती, मापात खोट निघे, मजुरी आठवडेच्या आठवडे थके. अमेरिकेहून आलेली लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी ह्यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून गेली नाही. जनावरे कवडीमोलाने विकली गेली आणि हजारो कुटुंबे मुंबई-पुण्याच्या झोपडपट्ट्यांत कायमची येऊन पडली. जे काही मिळाले तेही केवळ सरकारच्या दयाबुद्धीने मिळाले नाही. तहसील कचेऱ्यांवर मजुरांचे मोर्चे गेले, डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी कामांच्या ठिकाणी संघटना बांधल्या, वर्तमानपत्रांनी गावोगावच्या हकिगती छापल्या, विधिमंडळात विरोधकांनी मंत्र्यांना धारेवर धरले. पुढील निवडणुकीत ह्याच माणसांपुढे मत मागावयास जावे लागणार, ही जाणीव सत्ताधाऱ्यांना होती. वोलोतील शेतकऱ्याला मोर्चा, वर्तमानपत्र आणि मत ह्यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते.

त्या दुष्काळाने महाराष्ट्राला एक टिकाऊ वस्तू दिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधी अजमावून पाहिलेली कल्पना रोजगार हमी योजना म्हणून पुढे आली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागेल त्याला काम मिळेल, न मिळाल्यास भत्ता मिळेल, हे वचन जगातील फार थोड्या राज्यांनी कायद्याने दिले आहे. त्यासाठी पैसा उभा केला तो मुख्यतः शहरातील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर १९७५ मध्ये बसविलेल्या व्यवसायकरातून, आणि तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावयाची होती. चिलीमध्ये जे साधले नाही ते येथे छोट्या प्रमाणावर साधले गेले : गरिबाला हक्क दिला, आणि त्या हक्काचा खर्च नोटा छापून भागविण्याऐवजी ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून कराच्या रूपाने उघडपणे घेतला. २००५ मध्ये संसदेने ग्रामीण कुटुंबांना वर्षातून शंभर दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला, त्याच्या मुळाशी हाच अनुभव होता.

त्या वर्षीच्या आणखी दोन घटना येथे नोंदविल्या पाहिजेत. १४ ऑक्टोबरला बँकॉकच्या विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलून लष्करी हुकूमशहांना देश सोडावयास लावले. १७ नोव्हेंबरला अथेन्सच्या तंत्रविद्यालयाचे फाटक रणगाड्याने मोडले. पण ज्या राजवटीने तो रणगाडा धाडला, ती जुलै १९७४ मध्ये कोसळली. चिलीने निराश झालेल्यांना त्या वर्षानेच हे उत्तर दिले होते. तेलाच्या भावाच्या गदारोळात ते ऐकू गेले नाही.

आता साक्षीचा निष्कर्ष काढता येईल. बाजारात कोणताही भाव केवळ मागणी-पुरवठ्याने ठरत नाही. त्याच्या मागे कोणाची तरी सत्ता उभी असते. डॉलरचा भाव वॉशिंग्टनने बदलला, तेलाचा तेहरानने, पावाचा सांतियागोच्या सेनापतींनी. ही सत्ता लोकांच्या ताब्यात असेल तर मराठवाडा जगतो आणि नसेल तर वोलो मरते. ज्यांनी लोकशाही बाजूला सारून बाजार आणला त्यांनी शेवटी बाजारही सांभाळला नाही. आणि ज्यांनी लोकशाही बाजूला सारून समाजवाद आणला त्यांना भाकरीही देता आली नाही. समाजवादाला लोकशाहीची गरज आहे ती शोभेसाठी नव्हे. भूक लागली आहे हे सांगणारा आवाज दडपला तर ती कोठे लागली आहे हे नियोजनकारालाही कळत नाही.

हमीच्या कायद्यांचे स्वरूप काळानुसार बदलते आणि बदलत राहील. त्यांची पारख करण्याची कसोटी मात्र १९७३ नेच घालून दिली आहे. कामाची मागणी मजुराकडून यावयाची की कामाचा आकडा वरून ठरावयाचा? मजुरी थकली तर जाब कोणाला विचारावयाचा? खर्चाचा वाटा कोण उचलणार, आणि तो उचलणाऱ्याची ऐपत पाहिली आहे की नाही? ज्या हमीला आगाऊ मर्यादा घातलेली असते ती हमी उरत नाही. ती सरकारच्या मर्जीवरची मदत होते, आणि मर्जीवरची मदत कोणत्या दुष्काळात आटेल हे सांगता येत नाही. पावसाचे स्वरूप लहरी होत चालले आहे, तेलाचे भाव आजही दूरच्या युद्धांबरोबर वरखाली होतात, आणि कोरडवाहू शेतकरी त्याच माळावर उभा आहे. पुढचे १९७३ कोणत्या वर्षी येईल हे कोणालाही ठाऊक नाही. ते येईल तेव्हा सरकारी कोठारात धान्य असेलच; प्रश्न असेल तो मजुराच्या हातात मजुरी आणि तोंडात आवाज असेल की नाही, हा. त्याची तरतूद पाऊस पडत असतानाच करून ठेवावी लागते.